पाऊण माणूस

"साठीच्या पुढचं माणूस आम्ही पाऊण धरतो हो, उस्ताज," मदाम मिरवत नावाची समाजकल्याणची बाई म्हणाली आणि फॉर्मातल्या चौकटीत आकडा लिहून मोकळी झाली. "तुम्ही पाऊण, या पाऊण. म्हणजे घरात माणसं दीड." बोलता बोलता तिनं बुटातून टाच हळूच बाहेर काढली. चार मजले चढून आली होती बिचारी, पाय भरून आले असणार. समोर सोनेरी खुर्चीच्या कडेवर वगदी अब्दुल-मक्सूद बसला होता, पाठ न टेकता. या खुर्च्यांना चाळीस वर्षांत त्यानं कधी पाठ टेकली नव्हती. पाऊण हा शब्द कानावर पडला आणि जिना उतरताना आणखी एक पायरी असेल असं वाटून पाय टाकावा न् खाली जमीनच लागावी, तसा त्याच्या अंगात एक धक्का बसला. मिरवतला वाटलं असेल, म्हाताऱ्याला अपमान वाटला. तसं नव्हतं. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, घरचाच होता. तीस वर्षांपूर्वी, सरकारी आकडेवारीच्या खात्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जिथला पंखा फिरताना टकटक वाजायचा, तिथं हा आकडा वगदीनंच मांडला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. इतक्या वर्षांनी तो अजून चालू असेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. साहेब गेले, खातं दुसऱ्या इमारतीत गेलं, पंखाही कुणीतरी काढून नेला असेल. आणि हा आकडा मात्र मिरवतच्या कापडी पिशवीत बसून, कैरोतल्या हदाएक अल-कुब्बाच्या अरुंद गल्लीतून वाट काढत, चार मजले चढून मालकाच्या घरी परत आला होता.

खरं म्हणजे तिला बोलावणं गेलं होतं ते त्याच्याचकडून. बायकोच्या, इन्शिराहच्या, छातीच्या गोळ्या महिना संपला तरी संपत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं रमजानच्या जरा आधी. मोजायची खोड जन्माची. रोज एक गोळी म्हणजे तीस दिवसांत तीस जायला हव्यात, आणि पाकिटात पंधरा शिल्लक. ती एक दिवसाआड घेत होती. विचारलं तर म्हणाली, "मला बरं वाटतंय की! बरं वाटत असताना औषध खायला मला काय वेड लागलंय?" दुसऱ्या दिवशी वगदी बायकोला न सांगता समाजकल्याणच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभा राहिला. गरिबांच्या यादीत ज्या घराचं नाव लागेल त्याला एक कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर सरकारी दवाखान्यातलं औषध फुकट मिळतं. यादीत यायचं तर घर रेषेच्या खाली असावं लागतं. रेषा म्हणजे काय, हे वगदीला कुणी सांगायला नको होतं. पेन्शन घरातल्या माणसांनी भागायची. दोघांनी भागली की घर रेषेच्या खाली जात होतं, थोडंसंच, पण जात होतं. रांगेत उभ्या उभ्या त्यानं ते तोंडी करून पाहिलं होतं आणि त्याला हायसं वाटलं होतं. दीडानं भागली की घर वर. म्हाताऱ्यांना आपणच पाऊण केलंय, हे तेव्हा त्याला कसं आठवलं नाही, याचं आता त्याला नवल वाटत होतं. स्वतःला धरताना त्यानं बिनदिक्कत एक धरलं होतं.

सकाळी या सालोनवरूनच दोघांचं वाजलं होतं. सालोन म्हणजे पाहुण्यांची खोली. एक कोच, सहा खुर्च्या, सगळ्यांना सोनेरी मुलामा, इन्शिराहच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या. वर्षाचे तीनशे दिवस त्या पांढऱ्या चादरींखाली असायच्या. लेक रबाब लहान असताना एकदा कोचावर जाऊन झोपली, तेव्हा इन्शिराहनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. आता रबाब इस्माइलियाला सासरी असते, तीन पोरांची आई झालीय, पण माहेरी आली की अजून त्या दारातूनच आत डोकावते. आज पहाटेची, फजरची नमाज झाल्या झाल्या इन्शिराहनं चादरी काढायला घेतल्या. वगदी म्हणाला, "अगं, ती पाहुणी नाहीये. सरकारी बाई आहे. घरात काय काय दिसतं ते लिहून नेणार. तिला आपली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवू."

"स्वयंपाकघरात?" इन्शिराह चादर हातात धरून तशीच उभी राहिली. "बाई पहिल्यांदा आपला उंबरा ओलांडणार आणि मी तिला खरकट्या भांड्यांत बसवू? अहो उस्ताज, पेन्शनीत निघालात तेव्हा अक्कल पण कचेरीत जमा करून आलात का?"

लग्न झाल्यापासून ती त्याला उस्ताजच म्हणायची. लाडात असली की हळू, चिडली की ठसक्यात. मग ती खाली जाऊन, परत चार मजले चढून, धापा टाकत बसबूशाच्या, म्हणजे रव्याच्या पाकातल्या मिठाईच्या, दोन वड्या घेऊन आली. छातीवर हात ठेवून दोन मिनिटं दारातच उभी होती. त्या दोन वड्या आता निळ्या काठाच्या बशीत मिरवतच्या समोर होत्या. मिरवतनं चहा घेतला नव्हता, वडीला हात लावला नव्हता, नुसतं पाणी तेवढं घेतलं होतं. इन्शिराह दर दोन प्रश्नांनंतर बशी दोन बोटं पुढं सरकवत होती.

मिरवतनं पान उलटलं आणि ती रबाबच्या आईकडे, इन्शिराहकडे वळली. "मटण-चिकन आठवड्यातून किती वेळा होतं, उम्म रबाब?"

"अल्हमदुलिल्ला," इन्शिराह म्हणाली. "देवाच्या कृपेनं सगळं भरपूर आहे."

"ते तर आहेच हो. पण किती वेळा?"

वगदीला हसू येता येता राहिलं. हाही नियम त्याचाच. घरोघर जाणाऱ्यांसाठी त्यानं एक पातळसं पुस्तक तयार केलं होतं, त्यातला अकरावा: उत्तरादाखल कुणी ‘अल्हमदुलिल्ला’ म्हटलं तर तो आकडा समजू नये, पुन्हा विचारावं. आणि ज्या घरी प्रश्न विचारायचे तिथं पाण्याखेरीज काही घेऊ नये, हा पाचवा की सहावा. इतकं बारीक सुचायचं आपल्याला! तेव्हा वाटायचं, आपण हुशार आहोत. एखाद्या घरात शिरलं की आपल्याला पंधरा मिनिटांत सगळं कळतं, शिजतं काय, झाकून ठेवलंय काय. स्वतःच्या खुर्चीत बसून प्रश्न ऐकायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की मिरवतची नजर फॉर्मावरून हळूच खुर्चीच्या हातावर गेली, तिथल्या कोरीव पानावर क्षणभर थांबली आणि पुन्हा फॉर्मावर आली. मग तिनं कुठंतरी एक खूण केली. नजरेचा हा रस्ता त्याला पाठ होता. खाली गल्लीत जुनं सामान घेणारा हातगाडीवाला ‘बिक्याऽऽ, बिक्याऽऽ’ ओरडत चालला होता.

"शुक्रवारी होतंच की," इन्शिराह म्हणाली. "शुक्रवारी मांसाशिवाय कसं चालेल? मुलूखियाची पातळ पालेभाजी असते, कोंबडी असते." गेल्या शुक्रवारी कोंबडीचे पंख होते, त्याच्या आदल्या शुक्रवारी नुसता रस्सा, तोही बाजारात मिळणाऱ्या मसाल्याच्या वडीचा. मिरवतनं ‘एक’ लिहिलं. वगदीनं ते पाहिलं. परक्या माणसासमोर बायकोला खोटं पाडणं त्याच्यानं होईना.

कचेरीतल्या त्या खोलीतली ती दुपार त्याला आता स्पष्ट दिसत होती. सगळे भुकेले झाले होते, कुणीतरी खालून कोशरीच्या, म्हणजे डाळ-भाताच्या, वाट्या मागवल्या होत्या, आणि साहेब म्हणाले, "म्हाताऱ्यांचं काय करायचं? पेन्शनीतली माणसं. ती काही अख्ख्या माणसाएवढं खात नाहीत." बाहेरच्या देशांची पुस्तकं होती, पण एकात एक आकडा, दुसऱ्यात दुसराच. साहेबांनी ती बाजूला सारली. "आपल्या म्हाताऱ्यांचं पोट आपण मोजायला नको का? कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे?" वगदीनं हात वर केला. बाकीच्यांच्याही घरी होती की म्हातारी माणसं! पण मोजायची हौस दांडगी ती याला. मग महिनाभर तो रोज जेवताना आईकडे बघत राहिला आणि जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन लिहून ठेवू लागला. रोटी: सगळ्यांच्या दोन, आईची एक, कधी दीड. भात अर्धी वाटी. मांस: मान, नाहीतर पंख. महिन्याच्या शेवटी त्यानं सगळं धरून हिशोब मांडला, ते बरोबर पाऊण आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात मोजणं!" त्या संध्याकाळी त्यानं घरी येऊन सांगितलं, आई, तुझ्यावरून सरकारनं नियम केला. आई, सित्त नबविय्या म्हणायचे तिला सगळे, ती ओढणीचं टोक तोंडाला लावून हसली. "माझ्यावरून? इश्श, ऐका बाई!" आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल त्या बाईला सांगत सुटली.

पण त्या घरात वाढायची कोण? आईच वाढायची. भांड्यातलं मांस काढून प्रत्येकाचा वाटा ती ठरवायची: मुलाला मांडी, सुनेला छातीचा तुकडा, नातीला काळीज. सगळ्यांची ताटं भरली की उरेल ते तिचं, आणि उरायची ती मान. कैरोत काय, कुठल्याही गावात काय, वाढणारीचा वाटा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान, हे पोराटोरांनाही ठाऊक. मोजायला बसलेल्या वगदीला तेवढं दिसलं नाही. दिसलं नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. त्याच महिन्यात एकदा तो कचेरीतून लवकर घरी आला होता. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती, भाताचं पातेलं एका हातात उचलून धरलेलं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती तळाची करपलेली खरवड ओरबाडून भराभर तोंडात कोंबत होती. तिचे खांदे हलत होते. घास गिळायला तिला अवघड जात होतं, तरी ती थांबत नव्हती. वगदी पाय न वाजवता मागं फिरला, बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि घंटी वाजवली. आईनं तोंड पुसत दार उघडलं. "आलास? लवकरसा? जेवतोस ना? मी जेवले बाबा, पोट अगदी भरलंय." हे त्यानं वहीत लिहिलं नाही. ताटात पडेल तेवढंच मोजायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यानंच ठरवलं होतं.

"रोज रोट्या किती लागतात?" मिरवत विचारत होती. "उस्ताजना?"

"दोन," वगदी म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

"मला काय लागतंय आता या वयात!" इन्शिराह हसली आणि बशी पुन्हा पुढं सरकवली. "एक पुरते. कधी कधी तीही जड होते. पोट लगेच भरतं हो."

तोच सूर. शेवटचं अक्षर तसंच ओढलेलं. वगदीनं तिच्याकडे बघितलं. पाहुणीसाठी तिनं चांगला निळा झगा घातला होता आणि तो खांद्यावरून सुटून लोंबत होता, कुणा दुसऱ्या बाईचा मागून आणल्यासारखा. हे कधी झालं? रोज समोर बसून जेवणारी बाई. वाढतं कोण? ती वाढते. गोळ्या मोजल्या आपण, हिच्या पुढ्यातलं ताट कधी पाहिलं नाही. त्याला एकदम इतकी शरम वाटली की हाताखालचा खुर्चीचा कोरीव हात टोचायला लागला.

"खोटं सांगतेय ती," तो म्हणाला.

मिरवतचं पेन थांबलं.

"लिहा. तिला भूक लागते. अख्ख्या माणसाएवढी लागते. आठवड्यातून एकदा मांस होतं तेही खोटं. गोळी ती एक दिवसाआड घेते. हे सगळं लिहा."

"अहो!" इन्शिराह उठून उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "परक्या माणसासमोर... माझ्या घरात बसून..." ती सालोनमधून बाहेर गेली आणि स्वयंपाकघराचं दार लागल्याचा आवाज आला. चाळीस वर्षांत पाहुण्याला बसवून ती कधी अशी उठून गेली नव्हती.

मिरवतनं हळूच बुटात टाच घातली. पन्नाशीकडे झुकलेली बाई होती, असली भांडणं तिला नवी नसावीत. "उस्ताज," ती खालच्या आवाजात म्हणाली, "भूक लिहायला यात जागा नाही. किती खाता एवढंच विचारतात. कमी खाल्लं तर कमी लागतं असं धरतात."

"माहितीये."

"आणि दीड माणसांवर तुमची पेन्शन... माझ्या हातात नाही हो ते. शेऱ्यात लिहू का काही?"

"द्या इकडे. मीच लिहितो."

तिनं जरा विचार केला आणि फॉर्म त्याच्या गुडघ्यावर ठेवला. सगळ्यात खाली दोन बोटं जागा होती, ‘शेरा’ म्हणून. वगदीनं जुन्या सवयीप्रमाणं बारीक आणि सरळ अक्षरात लिहिलं: ‘पाऊण हा आकडा माझा आहे. माझी आई नबविय्या हिच्या ताटावरून मी तो काढला. घरात वाढणारी तीच होती. ती उपाशी राहते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लिहिलं नाही. आकडा चुकीचा आहे.’ खाली सही केली, सहीखाली नाव, नावाखाली खात्यातला जुना हुद्दा. मिरवतनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"उस्ताज, रागावू नका. पण शेरे कुणी वाचत नाही."

"मला कुठं ठाऊक नाही? वीस वर्षं माझ्याकडेच यायचे ते."

ती दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली, पिशवीचा बंद खांद्यावर नीट करत. "माझी आई पण अशीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, वय झालं म्हणून." मग जिना उतरायला लागली. दुखरा पाय ती प्रत्येक पायरीवर आधी टेकत होती, वरपर्यंत ऐकू येत होतं. कार्ड आता होत नाही, हे वगदीला त्या पावलांबरोबर हळूहळू पटत गेलं. त्याला कुणाचा राग आला नाही. राग यावा असं समोर कुणी नव्हतंच.

इन्शिराह बाहेर आली ती सरळ सालोनमध्ये गेली. "शिवलीसुद्धा नाही," बशीकडे बघत ती म्हणाली. "बघितलंत? उपाशीतापाशी निघून गेली माझ्या दारातून. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळेच. नियमच आहे तसा, मीच केलेला."

"आग लागो तुमच्या नियमांना!" ती खुर्चीचा हात ओढणीच्या पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं त्याच पदरानं पुसलं. "मी काय भिकारीण आहे, उस्ताज? माझी भूक त्या बाईला सांगायची? मला एकदा विचारलं असतंत तर?"

वगदी गच्चीवजा सज्ज्यात गेला आणि दोरी लावलेली टोपली खाली सोडली. रोज ती सोडायची इन्शिराह, आज त्यानं सोडली. खाली रोटीच्या दुकानातून अम्म जकी, म्हणजे जकीकाका, मान वर करून ओरडला, "तीनच ना, उस्ताज? रोजच्या?" वगदी म्हणाला, "पाच!" आणि खालून टोपली जड होऊन वर येताना त्याला दोरी तळहातात चांगली जाणवली. गरम रोट्यांचा वास सज्जाभर झाला. तो आत आला, पातेल्याजवळ उभा राहिला आणि डाव त्यानं हातात घेतला.

"हे काय?" इन्शिराह म्हणाली.

"आज मी वाढतो."

"तुम्ही? सांडून ठेवाल सगळं! जन्मात कधी डाव धरलाय?"

"बस तू."

ती बसली, पण फुरंगटून, तोंड दुसरीकडे करून. त्यानं आधी तिचं ताट भरलं, मुलूखियाचा थोडा रस्सा टेबलावर सांडला, फूल नावाच्या, वालासारख्या उसळीतल्या वर आलेल्या चांगल्या शेंगदाण्याएवढ्या बिया तिच्या ताटात ओढल्या, मग दोन रोट्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. "इतकं कुणासाठी वाढलंय?" ती म्हणाली. बसबूशाच्या दोन्ही वड्याही त्यानं तिच्या ताटाशेजारी ठेवल्या. तिनं पहिली रोटी मोडली, रागारागानं, मोठे मोठे तुकडे करत. मग तुकडे लहान होत गेले आणि हात चालत राहिला. पहिली संपली, दुसरी संपली. तिच्या गळ्याची हालचाल त्याला दिसत होती, घाईघाईची, आणि ती कुठं पाहिलीय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी तो मागं फिरला होता. आज तो जागचा हलला नाही. इन्शिराहचा हात टोपलीकडे गेला, तिसऱ्या रोटीवर, आणि तिथंच थांबला. तिनं वर बघितलं. आता ती म्हणणार, पोट भरलं. त्यानं टोपलीच उचलून तिच्या मांडीशी ठेवली. तिनं रोटी काढून घेतली आणि मोडली.

खाली गल्लीच्या त्या टोकाहून हातगाडीवाल्याची हाक पुन्हा आली. इन्शिराह चावता चावता थांबली आणि कान देऊन ऐकत राहिली.

"त्याला वर बोलवा," तोंडात घास असतानाच ती म्हणाली. "मेला भाव पाडून मागेल, ऐकू नका. कोच देऊन टाका. खुर्च्या चार द्या."

"आणि दोन?"

"दोन ठेवा," ती म्हणाली. "आपल्याला बसायला."